सीमोल्लंघनाचा मान

हरकरे घराण्यात मत्सराला कधी मत्सर म्हटले गेले नाही. त्याला 'मान' म्हणत. कुणाचा मान राहिला, कुणाचा डावलला गेला, कुणाला आधी विचारले आणि कुणाला पानावर बसल्यावर कळले, या विवेचनात या घरातल्या चार पिढ्यांची बुद्धी खर्च झाली. जी उरली तिच्यावर सरकारी नोकऱ्या झाल्या. म्हणून एक्काहत्तरच्या दसऱ्याच्या सकाळी काशिनाथरावांनी चहाचा कप खाली ठेवून, "यंदा तलवार जयंत धरेल," असे जाहीर केले, तेव्हा वाक्य नातवाच्या कौतुकाचे असूनही खोलीतल्या प्रत्येकाला ते कुणाच्या तरी विरुद्ध दिलेल्या निकालासारखे ऐकू आले.

निकाल विनायकाच्या विरुद्ध होता आणि तो विनायकाच्याच घरात लागला होता.

कारखान्याच्या टाउनशिपमधले ते तीन खोल्यांचे क्वार्टर, मागे पपईचे झाड, पुढे कुंपणाला मेंदी. काशिनाथरावांच्या दोन मुलांपैकी धाकट्याने, विनायकाने, फोरमनपद मिळवून हे घर मिळवले, तेव्हा टी. टी. नगरातल्या थोरल्या गजाननाच्या दीड खोलीतून देव इकडे आले, देवांबरोबर अण्णा, म्हणजे काशिनाथराव, आले आणि अण्णांबरोबर ती तलवार. नागपूरकर भोसल्यांचे खलिते पोचवणाऱ्या कुणा पूर्वजाला ती मिळाली होती म्हणे. खलिते पोचवणाऱ्याला तलवार उपसण्याचा प्रसंग आला असेल तर त्याची नोंद घराण्याने ठेवलेली नाही. म्यान मात्र गंजून पात्याला चिकटले होते, आणि ते तसे असणेच सर्वांच्या हिताचे होते. दसऱ्याला पुरुषांनी ती घेऊन वस्तीची सीमा ओलांडायची, शमीची पाने घेऊन परत यायचे आणि दारात पहिली ओवाळणी तलवार धरणाऱ्याची. थोरला म्हणून हा मान गजाननाचा होता. देव हलले त्या वर्षी अण्णा म्हणाले, "जिथं देव, तिथं मान." गजानन म्हणाला, "बरोबर आहे." त्यानंतरच्या एकाही दसऱ्याला त्याने दुसरी पुरी मागून घेतली नव्हती.

"इतकी वर्षं तूच धरून राहिलास, विनायका," अण्णा म्हणाले. "हात अवघडला असेल."

विनायक पाटावर कद नेसून बसला होता. समोर चौरंगावर तलवारीशेजारी त्याचा मायक्रोमीटर, स्लाइड गेज आणि नट पिळायचे तीन पाने झेंडूच्या पाकळ्यांत मांडलेली होती. खंडेनवमीला पुजलेली हत्यारे अजून उचलायची होती. आपल्या हत्यारांकडे पाहत तो म्हणाला, "हात माझा रोजच चालतो, अण्णा. अवघडेल कशानं?"

"अण्णा, पण जयंत शनिवार-रविवारचा शिपाई," वैजयंतीने स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याची बाजू उचलली. ती पुण्याची, तिचे टोमणे इस्त्री केलेले असत. "सोमवारी कॉलेजात जातो. सुट्टीच्या दिवशीच्या सैनिकाला तलवार द्यायची म्हणजे जरा गंमतच."

"आजही सुट्टीच आहे, वैजयंतीबाई," गजानन म्हणाला. सचिवालयात आयुष्यभर दुसऱ्यांची टिपणे नक्कल करणाऱ्या त्या माणसाला असे उत्तर वेळेवर सुचल्याचे पाहून त्याची बायको मालती पोळपाटावरून चमकून बघत राहिली.

ज्याच्यामुळे हे घडत होते तो जयंत दारात बूट घालून उभा होता. एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या हिवाळ्यात तो प्रादेशिक सेनेत दाखल झाला. शनिवार-रविवार परेड, वर्षाकाठी एक शिबिर, बाकी वेळ आपले कॉलेज. देशसेवेचे हे हप्त्याहप्त्याने घ्यायचे स्वरूप घराला पसंत होते. परंतु पूर्वेच्या सीमेवर वातावरण बिघडले आणि आठवड्यापूर्वी पलटणीला हुकूम आला. दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळी पुऱ्या सामानासह हजर व्हायचे. कॉलेज केव्हा, हे कुणी सांगितलेले नव्हते.

"गणवेशात येईल ना रे?" अण्णांनी विचारले.

"हो अण्णा. कडक प्रेस करून ठेवलाय."

"ताईनं करून ठेवलाय," मागून त्याची मोठी बहीण शोभा म्हणाली. ते कुणी ऐकले नाही. तिचे म्हणणे ऐकून न घेण्याची या घराला इतकी सवय होती, की त्यात अपमानाचाही भाग उरला नव्हता.

*

आपले सारे मोठेपण देण्यात आहे हे विनायकाला फार पूर्वी उमगले होते. त्याला मूलबाळ नव्हते. जे होते ते असे, की कुणाच्या फीपासून कुणाच्या पंख्यापर्यंत सारे त्याच्या हातून जाई, आणि घेणारा मान खाली घाली. ती खाली गेलेली मान हीच त्याची संतती. आठवड्यापूर्वीपर्यंत जयंताची मानही त्यात होती. आता तोच मुलगा बुटांच्या टाचा जुळवून उभा राहिला की टाउनशिपमधले लोक विनायकाला ओलांडून त्याच्याशी बोलत. शेजारचे सक्सेनासाहेब, ज्यांनी विनायकाला कधी चहाला बोलावले नव्हते, ते जयंताला 'हमारा जवान' म्हणत.

पंगत बसली. श्रीखंड वाढून झाले. शोभा पुऱ्यांची परात घेऊन पानांसमोरून जात होती, तेव्हा विनायकाने चित्राहुती घातल्या आणि सहज आठवल्यासारखे म्हटले,

"दादा, एक सांगायचं राहून गेलं. ट्रेनिंगच्या साहेबांशी माझं पक्कं झालं. टेस्टिंग लॅबमधली ती शिकाऊ जागा जयंताला."

गजाननाचा हात वाटीत थांबला. "ती तर शोभीची होती."

"तिच्यासाठी बोलत होतो खरा. उन्हाळ्यापासून बोलतोय. पण प्रसंग बघ ना. कारखान्यातला माणूस म्हणजे अत्यावश्यक उत्पादनातला. त्याला पलटण सोडते. साहेब स्वतः फोन करणार आहेत. उद्या सकाळी जयंत पलटणीत जायच्या ऐवजी माझ्याबरोबर गेटवर यायचा, बस. इंटर सायन्स झालंय, चालतं."

शोभाने वडिलांच्या पानात पुरी वाढली, काकांच्या पानात वाढली, आणि जयंताच्या पानाशी आल्यावर दोन वाढल्या. तिचा हात इतका स्थिर होता की मालतीला तो बघवेना.

शोभाला भौतिकशास्त्रात पहिला वर्ग होता. निकाल लागल्यापासून ती घरी होती. त्या प्रयोगशाळेत मुली घेतात हे तिनेच शोधून काढले होते. काकांनी फक्त शब्द टाकायचा होता. ती जागा मिळाली नाही तर काय, हेही ठरलेले होते: मंडीदीपला ठेकेदारी करणारा एक विधुर, ज्याच्या घरून दोनदा विचारणा झाली होती. गजानन त्यांना दिवाळीपर्यंत उत्तर देणार होता. मालतीला हे सारे ठाऊक होते. हुकूम आल्यापासून तिने भात नीट गिळला नव्हता, आणि आता दिराने पानावर तिचा मुलगा तिला परत वाढला होता. आईला मुले दोन असू शकतात. या घरात मात्र जीव टांगणीला लावण्याची परवानगी तिला एकाच्याच बाबतीत होती, आणि ती परवानगी तिने पुरेपूर वापरली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचे उपकार कसे..." तिने शोभाकडे पाहिले नाही.

विनायकाने मान किंचित झुकवली. एक मान पुन्हा खाली आली होती.

"नाही," गजानन म्हणाला.

"काय नाही?" मालतीने विचारले.

"तो जाईल. हुकूम आलाय त्याला. हरकऱ्यांचा पोरगा काकाच्या पदराखाली लपला, असं लोकांनी म्हणावं का?"

"लोक? कोणते लोक हो? जवाहर चौकात तुम्हाला नावानं ओळखणारा एक पानवाला आहे, तेवढेच ना लोक?"

"मालती!"

"आठ दिवस बघून राहिले मी. पोराला बोलावणं आलं त्या दिवसापासून तुमची कॉलर ताठ. तुमची छाती फुगावी म्हणून माझं पोर मरायला पाठवू का?"

ती जे म्हणाली ते खरे होते, म्हणून गजाननाला राग आला. त्याच्या कक्षातले साहेब, जे त्याला 'अरे हरकरे' म्हणून हाक मारीत, ते परवा खुर्चीतून उठले होते. उठून त्यांनी हात पुढे केला होता. आयुष्यात प्रथमच त्याच्याजवळ असे काही होते जे विनायकाजवळ नव्हते आणि जे विनायक विकत आणू शकत नव्हता. आणि आता त्या एकुलत्या एक गोष्टीवरही विनायकाने आपली कृपा पसरली होती.

"देण्याचा तुला फार सोस, विनायका," तो म्हणाला. "कधी विचारून देत जा."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास दादा. तू अभिमानी." विनायक हसला. "म्हणून पानावर सांगितलं."

"सदू-मदूसारखे भांडू नका सणाचे," अण्णा म्हणाले. दुपारी जेवणात त्यांना वाद नको असे. "ज्याचं त्याला विचारा. काय रे जयंता?"

साऱ्यांनी जयंताकडे पाहिले. त्याने शोभाने वाढलेली दुसरी पुरी मोडली. "मी काय बोलू, अण्णा? मोठे ठरवतील ते."

"मग ठरलं," वैजयंती म्हणाली. "वहिनी, श्रीखंड घ्या. आता तरी उतरेल घशाखाली."

"आणि तलवार आज त्यानंच धरावी," विनायकाने उदारपणे जोडले. "माझी काही हरकत नाही. एक दिवस मिरवू दे."

*

भांडी घासून झाल्यावर शोभा मागच्या अंगणात आली. जयंत पपईखाली उपड्या बादलीवर बसून बुटांच्या नाड्या सैल करीत होता.

"काकांना एकदम तुझी एवढी दया का आली रे?"

तो हसला. त्याचे हसणे गोड होते. त्यामुळे त्याची बरीच कामे आजवर आपोआप झाली होती. "ताई, तू ओरडणार नसशील तर सांगतो."

"सांग."

"मीच गेलो होतो त्यांच्याकडे. हुकूम आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, काका, काही तरी जुगाड करा. माझ्याच्यानं नाही होणार हे. कसम से, ताई, रात्री डोळा लागत नाही. परेड वेगळी, हे वेगळं. आमच्यातल्या त्या तिवारीनं तर मृत्युपत्राच्या गोष्टी सुरू केल्यात."

"आणि जागा कोणती मागितलीस?"

"मी कुठं मागितली? ते म्हणाले, लॅबची आहे. मी म्हटलं, ती ताईची ना? ते म्हणाले, तिचं बघू." त्याने बूट काढला आणि पायाची बोटे हलवली. "तुझं काय ग, तू फर्स्ट क्लास. तुझं होऊनच जाईल कुठं ना कुठं. आणि आई म्हणत होती, मंडीदीपवाले माणसं म्हणून चांगले आहेत."

"चांगले आहेत."

"मग? नाराज नाहीस ना?"

"नाही रे."

त्याला ते खरे वाटले. खरे वाटून घेण्याची कला जयंताला उपजत होती. थोड्याच वेळात तो आत जाऊन सतरंजीवर झोपलाही.

शोभा बादलीवर बसली. प्रादेशिक सेनेची जाहिरात कॉलेजच्या वाचनालयात प्रथम तिने वाचली होती. एनसीसीत तिच्या तुकडीत तिच्याइतका नेम कुणाचा नव्हता. भरतीच्या मैदानावर ती जयंताला घेऊन गेली ती स्वतःसाठी विचारायला, आणि त्याला घेऊन गेली कारण एकटी मुलगी गेली तर ऐकून घेणार नाहीत. टेबलामागच्या हवालदाराने तिचे ऐकले, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिले. "बहनजी, आप रहने दीजिए. भाई को भेजिए." भाई तिथे टाइमपास म्हणून आला होता. भाईची छाती मोजली गेली, भाईला बूट मिळाले, आणि घरी येताना भाईने बूट चावतात म्हणून वाटभर कुरकुर केली. तेव्हापासून दर शुक्रवारी त्याच्या गणवेशाला इस्त्री तीच करी. लोकांना ते बहिणीचे प्रेम वाटे. शर्टाच्या खांद्यावरून गरम लोखंड फिरवताना तिला काय वाटे, ते तिने कधी कुणाला सांगितले नाही, कारण त्यासाठी या घरात शब्दच नव्हता. मान म्हणावा तर मानाशी मुलींचा संबंध ताट धरण्यापुरता.

तिने आपल्या मनाची चौकशी अलिप्तपणे केली. उपकरणांचे दोष तपासायचे शिक्षण तिला मिळालेच होते. ज्या गोष्टीसाठी तिने हात पुढे केला ती प्रत्येक गोष्ट या मुलाच्या हातात, त्याने न मागता, पडत आली. आणि आज त्याने प्रथमच मागितले, ते तिचे. जयंताचे मरण तिला नको होते. जयंताचे जाणे तिला हवे होते. या दोहोंत अंतर किती, हे तिने मोजायला घेतले नाही. पहिल्या वर्गाची विद्यार्थिनी असूनही नाही.

ती आत गेली. टी. टी. नगराहून येताना आणलेली पलटणीची खाकी पिशवी कोपऱ्यात अर्धवट भरलेली होती. तिने ती पूर्ण भरली.

*

संध्याकाळी पुरुष निघाले. पुढे गणवेशातला जयंत, दोन्ही हातांवर तलवार आडवी. त्याच्यामागे काठी टेकीत अण्णा. मग गजानन आणि विनायक एकमेकांच्या खांद्याला खांदा न लागेल इतक्या अंतराने. वाटेत टाउनशिपमधले लोक मिळत गेले. गणवेश पाहून सक्सेनासाहेब स्कूटर हळू चालवत बाजूने येऊ लागले. एरवी चौघांची असणारी ती मिरवणूक टाउनशिपच्या फाटकाशी पोचली तेव्हा पन्नासांची झाली होती. पहारेकऱ्याने जयंताला सलाम ठोकला.

विनायक हे सारे सहन करीत होता, कारण उद्या सकाळ त्याची होती. हाच मुलगा उद्या त्याच्यामागून कारखान्याच्या गेटातून शिरेल, हाजिरी कुठे लावायची ते त्याला विचारील. आजच्या सलामावर उद्यापासून रोज एक याप्रमाणे नमस्कार मिळायचे होते. मत्सराला वाट पाहता येते. हाच त्याचा रागाहून वरचढ गुण.

फाटकाबाहेर, ओढ्यापलीकडे, शमीचे वेडेवाकडे झाड होते. तिथे पाने खुडून झाली, आणि अण्णांना एवढे श्रोते बघून राहवले नाही. त्यांनी हिंदीत सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे मराठीत घसरले.

"हमारे खानदान में, सक्सेनासाहब, खलिता लेके निकलनेवाले को घर के दरवाजे में नहीं, सीमा के बाहर आरती उतारते थे. घरच्या बाईनं वेशीबाहेर ओवाळून हातावर दही ठेवलं, की तो गेला! फिर पीछे मुडना नहीं. घरी परत यायचं ते काम करूनच. वळला तर घराण्याचं नाक कापलं. मेरे दादाजी तक ये चला."

"क्या बात है," सक्सेनासाहेब म्हणाले.

ही गोष्ट अण्णा दर वर्षी सांगत. शोभाने ती लहानपणापासून, सीमोल्लंघनाहून परतलेल्या पुरुषांना पाणी देताना, ऐकली होती.

गर्दी दुभंगली. शोभा सायकल ढकलीत येत होती. कॅरियरला खाकी पिशवी बांधलेली, हँडलला पितळी डबा. हरकऱ्यांच्या घरातली बाई सीमोल्लंघनाला कधी आली नव्हती; ती आली आहे याचे नवल वाटायच्या आत तिने सायकल झाडाला टेकवली होती, डब्यातले निरांजन काढले होते आणि वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढली होती.

"शोभी?" गजानन म्हणाला.

"ताई, हे काय?" जयंताने हळूच विचारले.

"तुझी पिशवी. मोजे दोन जोड जास्त घातलेत."

"अग पण काका बोललेत ना..."

"मला माहीत आहे कोण काय बोललं ते."

मग ती वळली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, भाऊ उद्या लढाईवर निघणार. आपल्या घरची रीत आहे. वेशीबाहेर ओवाळायला घरची बाई नको का?"

दुपारी पानावर काय ठरले ते काशिनाथराव विसरले नव्हते. पण आपल्या गोष्टीवर विश्वास ठेवून कुणी ती अमलात आणली, असे त्यांच्या आयुष्यात प्रथमच होत होते, आणि पन्नास माणसे पाहत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्या पाण्यात नातू आणि त्याची भीती दोन्ही दिसेनाशी झाली.

"शाब्बास," ते म्हणाले. "घराण्याची खरी मुलगी! ओवाळ."

"अण्णा, एक मिनिट," विनायक पुढे सरसावला. "त्याला उद्या सकाळी..."

"उद्या काय, काका?" शोभाने विचारले. तिने निरांजन हातात धरून त्याच्याकडे सरळ पाहिले. "सांगा ना सगळ्यांना. उद्या काय आहे?"

विनायकाने तोंड उघडले. पन्नास माणसांपुढे, 'हमारा जवान' म्हणणाऱ्या सक्सेनासाहेबांपुढे, त्याला सांगायचे होते की या जवानाला मी प्रयोगशाळेत लपवणार आहे. देण्यावर जगलेल्या माणसाला हे दान चारचौघांत देण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, "काही नाही. ओवाळ."

तिने ओवाळले. कपाळाला कुंकू लावले, वर अक्षता लावल्या. जयंताने तिच्याकडे पाहिले आणि त्याला, त्या गोड आणि आळशी मुलाला, दुपारी जे कळायला हवे होते ते आता कळले. त्याचे ओठ हलले. कुणीतरी 'भारत माता की' म्हणाले आणि उरलेल्यांनी जयजयकार केला. त्या गजरात शोभाने त्याच्या उजव्या तळव्यावर दही ठेवले. तलवार अडचण करीत होती; त्याने ती समोरच्या माणसाच्या हातात दिली, आणि समोर शोभाच होती.

"खा," ती म्हणाली.

त्याने खाल्ले.

सक्सेनासाहेबांनी खाकी पिशवी पुढ्यात घेऊन स्कूटर सुरू केली. "चलो जवान, कॅम्प तक हम छोडेंगे. दादाजी की बात रखनी है." गजाननाने मुलाला मिठी मारली आणि अभिमानाने त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तर पाठ थरथरत होती. तेव्हा, आठ दिवसांत पहिल्यांदा, गजाननाला समजले की पोरगा खरोखरच चालला आहे. त्याने हात तसाच ठेवला. पण स्कूटर वाट पाहत होती आणि अण्णा म्हणत होते, "मागं बघू नको रे."

जयंताने मागे बघितले नाही. बघितले असते तर कुणाकडे, हे त्यालाच ठाऊक.

*

परतताना लोक पुढे निघून गेले. शोभा सायकल ढकलीत होती; तलवार तिने कॅरियरवर न बांधता डाव्या हातात धरली होती. ती कुणी मागितली नाही. अण्णा गजाननाच्या खांद्यावर भार टाकून चालले होते. विनायक तिच्याबरोबर आला.

"तुला काय वाटतं," तो खालच्या आवाजात म्हणाला, "जागा आता तुला मिळेल?"

"तुम्ही कुणाला तरी देणारच ना, काका. दिल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार आहे का?"

तो चालायचा थांबला. घरातल्या साऱ्या माणसांत आपल्याला आरपार पाहिलेले हे पहिले माणूस, हे त्याच्या ध्यानात आले. आणि चमत्कारिक गोष्ट अशी की त्याला बरे वाटले. "माझ्यावर गेलीस तू," तो म्हणाला. "दादावर नाही."

"मी कुणावर गेले नाही."

"सोमवारी साडेसातला गेटवर ये. वहिनीला काय सांगशील?"

"दुपारी तिनं मला काही विचारलं नाही. मीही काही सांगणार नाही."

दारात रांगोळी काढून मालती उभी होती. मुलासाठी तिने स्वतः ताट सजवले होते. आज तो मिरवून येणार, उद्या कारखान्यात जाणार, म्हणून पेढेही मागवले होते. फाटकातून आधी अण्णा आले, मग नवरा, मग दीर आणि शोभा.

"जयंत मागे राहिला का?" तिने विचारले.

अण्णांनाच राहवले नाही. "अग, काय सांगू! शोभीनं आज कमाल केली. वेशीबाहेर ओवाळलं भावाला. सारी टाउनशिप बघून राहिली होती. सक्सेनाच्या स्कूटरवरून थेट कॅम्पात! मागे वळून पाहिलं नाही पठ्ठ्यानं."

वैजयंतीने "अग बाई" म्हटले आणि नवऱ्याकडे बघितले. विनायक चपला काढण्यात गुंतला होता. गजानन भिंतीला टेकून बसला. शेजारच्या बाया सोने द्यायला आल्या होत्या. त्या अभिमानाने, ओल्या डोळ्यांनी, या बहिणीकडे पाहू लागल्या.

मालतीने काही विचारले नाही. ती रडली नाही. तिने आधी, जिथे पिशवी ठेवलेली होती त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिले, नंतर मुलीच्या हाताकडे.

"अण्णा," ती म्हणाली, "पहिली ओवाळणी तलवार धरणाऱ्याची ना?"

"हो. पण आता..."

"मग शोभा, ये. पुढे ये."

"आई, राहू दे," शोभा म्हणाली.

"राहू कसं दे? मान आहे तुझा. कमावलास." आवाज इतका मऊ होता की बायांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला.

शोभा पायरीवर उभी राहिली. लहानपणापासून तिने हे ताट दुसऱ्यांसाठी तयार केले होते. ज्योत चेहऱ्याच्या इतक्या जवळून फिरते हे तिला माहीत नव्हते. मालतीने तिच्या कपाळाला कुंकू लावले, सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या, एकही गोष्ट गाळली नाही. सारे यथासांग करताना तिची नजर मुलीच्या डोळ्यांवरून क्षणभरही हलली नाही, आणि शोभानेही आपली हलवली नाही.

ओवाळून झाल्यावर वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे असते. शोभा वाकली. तिची बोटे टेकण्याच्या आत मालतीने पाय मागे घेतले, आणि ताट घेऊन ती आत गेली.

शोभा तशीच वाकलेली राहिली. बघणाऱ्यांना वाटले, नमस्कार अजून चालू आहे.